करवत हातात घेण्याआधी: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या झाडकामाचा अनुभव

वाळपईच्या पुढे एका भाटात, म्हणजे बागायतीत, मी पहिला फणस पाडला तेव्हा या कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा, शेंडा हिरवागार. उताराच्या बाजूला तोंड, म्हणजे पाचरीसारखी खाच, घेतलं, मागून करवत लावली, आणि झाड भलतीकडेच वळून गोठ्यावर गेलं. गुरं चरायला गेली होती म्हणून वाचली. खोड आतून पोकळ होतं. काळा भुसा, मुंग्या, आणि बाहेरची दोन-तीन इंचांची कड तेवढी जिवंत. कौलांचे पैसे मी दोन महिने फेडत होतो. म्हणूनच आज कोणी नवीन शिकायला आलं की पहिले पंधरा दिवस मी त्याच्या हातात करवत देत नाही.

या पंधरा दिवसांत फक्त झाडं बघायची. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा कमरेपासून खाली चारही बाजूंनी ठोकून बघा. भरीव लाकूड टणक, बारीक वाजतं, पोकळ लाकूड घुमतं. कान तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ज्या झाडाचं काहीच करायचं नाही तेही ठोका. बुंध्याला अळंबी फुटलीय का, साल सुटलीय का, एका बाजूची माती उचललीय का, हे पाहा. मालकाला आठवणीने विचारा, ‘गेल्या पाच-सहा वर्षांत इथे खोदकाम झालं का?’ कुंपणाच्या पायासाठी एका बाजूची मुळं तोडलेलं झाड वरून ठणठणीत दिसतं आणि जूनमध्ये माती भिजली की आडवं होतं. आपल्याकडे जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो, मुळं खोल जाण्यापेक्षा पसरतात. काजूच्या बुंध्याशी लालसर भुसा आणि डिंक दिसला तर तो खोडकिडा. लवकर दिसला तर साल खरवडून अळी काढता येते, पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर झाड बहुधा हातचं जातं.

आता कापण्याचं. झाड जिकडे पाडायचं तिकडे तोंड घ्यायचं, खोली जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी. मागचा काप त्या तोंडाच्या तळापेक्षा बोटभर-दोन बोटं वर. आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी सोडायची. आम्ही तिला बिजागरी म्हणतो. झाड तिच्यावर वळतं. ती कापली की झाडावरचा तुमचा ताबा गेला. माझ्या फणसात बिजागरी धरायला लाकूडच नव्हतं. पळायची वाट मागे तिरकी, आधीच साफ करून ठेवा. यंत्राच्या करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका, करवत उलटी अंगावर येते. हेल्मेट, बूट आणि पायाचं संरक्षक कापड नसेल तर त्या दिवशी काम नाही. विजेची तार जवळ असेल तर वीज खात्याकडून पुरवठा बंद झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, मालक कितीही घाई करो.

फांदी काढताना आधी खोडापासून हातभर लांब खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून. वजन गेलं की शेवटचा काप खोडाजवळच्या फुगीर कडेच्या बाहेर. त्या कडेतूनच झाड जखम भरून काढतं. वर सिमेंट किंवा डांबर फासू नका.

कागदपत्रांकडे नव्या मुलांचं लक्ष नसतं आणि तिथेच ती अडकतात. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा १९८४ चा आहे. खासगी जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. माड २०१६ साली त्यातून वगळला होता. लोकांनी आवाज उठवला आणि २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष ठरला. अर्जासोबत एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा लागतो. तो आधी स्वतः वाचा. त्यावर बऱ्याचदा आजोबा-पणजोबांची नावं असतात, भावंडं मुंबईला, कोणी पोर्तुगालला. समोर उभा असलेला माणूस एकटाच मालक आहे असं धरून करवत चालवू नका. लाकूड हलवायलाही वाहतुकीचा परवाना वेगळा.

लाकडाचा हिशेब शिकून घ्या, म्हणजे मालकालाही नीट सांगता येईल. लाकूडवाला घेर मोजतो, त्याचा चौथा हिस्सा काढतो, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतो. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर बारा गुणिले बारा गुणिले दहा, भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. गोल ओंडक्यात प्रत्यक्ष लाकूड सुमारे पावणेतेरा घनफूट असतं. मधला फरक कडेच्या फळ्यांचा आणि भुशाचा म्हणून सोडलेला. ही रीत चालत आलेली आहे, तिच्यात फसवणूक नाही, पण घेर सालीसकट मोजला की सोलून, हे आधी ठरवा. भांडणं तिथेच होतात.

माडावर चढायचं असेल तर नारळ विकास मंडळाचं सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, यंत्राने चढायला शिकवतात. गावागावांत पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, मिळेनासे झालेत, त्यामुळे काम भरपूर. पदवी हवी असेल तर दापोलीला वनशास्त्राचं महाविद्यालय आहे. मला ते जमलं नाही, शिकलेल्या मुलांबरोबर काम करताना त्याची उणीव जाणवते.

आणि जमीन. ‘भाट साफ करून द्या,’ असं लोक सहज म्हणतात. काजूखालचा पाचोळा जाळून साफ करायची सवय फार वाईट. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा केरीकडच्या डोंगरावरचा धूर आम्ही अंगणातून बघत होतो. पाचोळा उतारावर आडव्या चरांत ओढून टाका, पावसात कुजतो, माती धरून ठेवतो. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला पाण्याची झर असेल तर तिच्याभोवतीच्या माट्टी, किंदळ, भेरली माड या झाडांना आम्ही हात लावत नाही. गेल्या वर्षी एका मालकाला अशा सात माट्टींचे पैसे हवे होते. मी उन्हाळ्यात त्याला झरीपाशी नेलं, खाली सुपारीला जाणारा पाट दाखवला, एप्रिलमध्येही पाणी होतं. त्याने पाच ठेवल्या. दोन दुसऱ्या कोणाकडून तोडून घेतल्या.