महागड्या पर्यटनस्थळी पाहुणे पुन्हा का येत नाहीत? या चुका टाळा

रिव्ह्यू चांगले आहेत, सीझनमध्ये खोल्या भरतात, तरी जुने पाहुणे परतत नाहीत. अशा वेळी बहुतेक चालक आधी सवलत जाहीर करतात. माझ्या मते हा उपाय चुकीच्या जागी केलेला असतो. आधी तपासायचं ते हे, की पाहुणा मनात काय धरून आला होता.

ग्राहकांच्या वर्तनाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, समाधान ठरतं ते आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतल्या फरकावर. महागड्या ठिकाणी किंमतच ही अपेक्षा वर नेऊन ठेवते. लोक कित्येक महिने पैसे साठवतात, सुट्ट्या जुळवतात आणि मगच निघतात. स्वस्त हॉटेलात ज्या गोष्टीकडे कानाडोळा होतो, तीच इथे खटकते.

फक्त सर्वांत चांगला दिवस दाखवणं

जाहिरातीत निर्मनुष्य किनारा आणि प्रत्यक्षात खुर्चीसाठी धावपळ, असं असेल तर सेवा कितीही उत्तम असो, पाहुणा खट्टू होतोच. गर्दीचे आठवडे, पावसाचे दिवस, चालू असलेलं बांधकाम हे बुकिंगच्या वेळीच सांगा. काही बुकिंग हातची जातील. जे येतील ते मात्र तयारीने येतील, आणि पुढे परतणारे पाहुणे त्यांच्यातूनच मिळतात.

मोफत दिलेलं काढून घेऊन त्यावर दर लावणं

मला सर्वांत गंभीर वाटते ती ही चूक. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानात रांग टाळण्याची ‘फास्टपास’ सोय १९९९ पासून तिकिटातच मिळत होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी ‘जिनी प्लस’ ही पैसे भरून घ्यायची सोय आली. सुरुवातीचा दर माणशी रोज १५ डॉलर होता. २००५ पासून तिथल्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना विमानतळावरून मोफत आणणारी बससेवाही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. नव्या पाहुण्याला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. जुन्याला वाटतं, कारण तो तुलना करतो ती स्वतःच्या मागच्या सहलीशी.

जपानचे गुणवत्ता-अभ्यासक नोरिआकी कानो यांनी दाखवलं आहे की आज सुखद धक्का देणारी सोय काही काळाने गृहीत धरली जाते. मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांचं १९७९ चं संशोधन सांगतं, की तितक्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त बोचतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की सर्वांत जवळचा ग्राहक सर्वांत जास्त दुखावतो. म्हणून कायम परवडणार नाही अशी सोय सुरू करतानाच ‘या सीझनपुरती’ असं स्पष्ट म्हणा. आधीच काढून घेतली असेल, तर जुन्या पाहुण्यांना ते बुकिंगपूर्वी कळवा आणि त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी राखून ठेवा. फाटकावर पोचल्यावर त्यांना हे कळता कामा नये.

रिसॉर्ट फी, पार्किंग, सेवाशुल्क असे आकार शेवटच्या पानावर उघड करणं हे याच चुकीचं धाकटं भावंड. पहिल्यांदा दिसणारी रक्कम तीच अखेरची रक्कम असू द्या.

‘समाधानी’ म्हणजे निष्ठावान असं समजणं

जोन्स आणि सॅसर या अभ्यासकांनी १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीचा अनुभव मांडला. तिथे पूर्ण समाधानी ग्राहकांनी पुन्हा खरेदी करण्याची शक्यता नुसत्या समाधानी ग्राहकांच्या सहापट होती. म्हणजे पाचपैकी चार गुण देणारा पाहुणा तुमचा झाला असं धरू नका. उलट, पुन्हा न येणारा प्रत्येक जण नाराज असतो असंही नाही. कित्येकांना दर वेळी नवी जागा बघायची असते, पण ते दहा जणांना तुमचं नाव सांगतात. परतणं आणि शिफारस करणं यांची नोंद वेगवेगळी ठेवा.

तक्रार वरच्या साहेबापर्यंत जाऊ देणं

सुट्टीचे दिवस मोजके असतात, त्यामुळे दोन दिवसांनी आलेली माफी कुणाच्या उपयोगाची नसते. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलसाखळीत कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २,००० डॉलरपर्यंत खर्च वरिष्ठांना न विचारता करता येतो. एवढी मोठी रक्कम सगळ्यांना जमणार नाही, पण स्वागतकक्षातल्या माणसाला खोली बदलून देण्याचा किंवा बिलातली एखादी रक्कम वजा करण्याचा अधिकार हवाच.

अखेरीस, निघताना भरून घेतला जाणारा फॉर्म बदला. ‘कसं वाटलं?’ याऐवजी ‘येण्यापूर्वी काय वाटलं होतं आणि वेगळं काय निघालं?’ असं विचारा. आणि ती उत्तरं हॉटेलच्या व्यवस्थापकाबरोबरच जाहिरात लिहिणाऱ्यांच्याही हाती द्या.