जेसॉनबी कॉलममधला एकच तपशील बदलण्यापूर्वीची तयारी

पुण्यात घरपोच डबे पोहोचवणाऱ्या एखाद्या व्यवसायाची ग्राहकांची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे आणि प्रत्येक ग्राहकाचा सगळा तपशील एकाच जेसॉनबी कॉलममध्ये, म्हणजे नावे आणि त्यांची मूल्ये एकात एक ठेवता येणाऱ्या रकान्यात, ठेवलेला आहे, असे धरू. त्यात ‘पत्ता’ आहे आणि पत्त्याच्या आत पेठ, वाड्याचे नाव, कोणत्या जिन्याने वर जायचे ती खूण आणि पिनकोड. आलेल्या यादीवरून फक्त पिनकोड दुरुस्त करायचे आहेत.

बॅकअप घ्यावा.

त्यानंतर, क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) लिहायला घेण्याआधी, नव्या यादीतील रिकाम्या जागा शोधाव्यात. जेसॉनबीतील एखादे मूल्य बदलणाऱ्या जेसॉनबी-सेट या फंक्शनला नवे मूल्य म्हणून एसक्यूएलचा (क्वेरीच्या भाषेचा) नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण, मिळाला, तर ते पिनकोड रिकामा करून थांबत नाही. ते स्वतःच नल परत करते आणि त्या ग्राहकाचा अख्खा कॉलम, फोन आणि पथ्यपाण्याच्या सूचनांसकट, नाहीसा होतो. त्रुटीचा संदेश येत नाही आणि बदललेल्या ओळींची संख्याही अपेक्षेइतकीच दिसते. मूल्याचे जेसॉनबीत रूपांतर करणाऱ्या टू-जेसॉनबीतून काढले तरी नल नलच राहतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. नल असलेल्या ओळी अटीनेच वगळाव्यात. पोस्टग्रेसच्या 13व्या आवृत्तीपासून जेसॉनबी-सेट-लॅक्स हे नलला वेगळे हाताळणारे फंक्शन उपलब्ध आहे, परंतु त्याच्या मूळ वर्तनानुसार पिनकोडच्या जागी जेसॉनचा नल बसतो, म्हणजे जुना पिनकोड जातोच. कॉलमवर ‘नॉट नल’चे (नल चालणार नाही असे) बंधन नसेल तर ते आजच घालावे, म्हणजे असे अपडेट निदान अडेल तरी.

दोन उभ्या रेघांचा जोड-ऑपरेटर सोपा वाटतो, पण तो फक्त वरच्या पातळीवर जोडतो. केवळ पिनकोड असलेला ‘पत्ता’ त्याला दिला की जुना ‘पत्ता’ पूर्ण जातो आणि सदाशिव पेठेत डबेवाल्याच्या हाती 411030 एवढाच आकडा उरतो. म्हणून पत्ता आणि पिनकोड असा पूर्ण मार्ग देऊन जेसॉनबी-सेटच वापरावे, नलची खात्री करूनच. ज्यांच्या नोंदीत ‘पत्ता’च नाही, तेथे हे फंक्शन काहीही न बदलता गप्प राहते, अशा ओळी आधी वेगळ्या काढाव्यात. पिनकोड आजवर मजकूर म्हणून साठवला असेल तर मजकूरच ठेवावा.

संपूर्ण नोंद प्रोग्रॅममध्ये वाचून, तिथे बदलून परत लिहिण्याचा मार्ग टाळावा. मधल्या काळात दुसऱ्या कोणी फोन क्रमांक बदलला असल्यास तो पुसला जाईल. एकाच अपडेट विधानात काम करावे. सर्व्हर कार्यालयातच असेल तर गुरुवार नको, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाऊ शकते.

ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिट करून पक्के किंवा रोलबॅक करून रद्द करता येणारे काम, उघडावे, एका ग्राहकावर चालवून पाहावे, मग सर्वांवर. कमिटपूर्वी कॉलम नल असलेल्या ओळी मोजाव्यात; आधीपेक्षा एक जरी जास्त निघाली तर रोलबॅक.