कमळपक्षी कसा पाहावा

कमळपक्षी पाहायला निघालेल्याने आधी पाण्यावरची पाने पाहावीत. उष्ण प्रदेशातल्या उथळ, संथ आणि गोड्या पाण्याच्या ज्या तळ्यावर कमळ, कुमुदिनी किंवा शिंगाड्याची पाने दाट पसरलेली असतात, तेथेच हा पक्षी चरतो. मोकळ्या पाण्यावर दुर्बीण फिरवण्यात वेळ घालवू नये.

सकाळी, सूर्य पाठीशी राहील अशी जागा काठावर निवडून खाली बसावे. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. पानांचा एकच पट्टा निवडून त्यावर नजर स्थिर ठेवली, की एखाद्या पानाची कड किंचित बुडताना आणि लगेच वर येताना दिसते. तेथे पक्षी चालत असण्याची शक्यता बरीच असते. त्याची बोटे आणि नखे, विशेषतः मागच्या बोटाचे नख, शरीराच्या मानाने विलक्षण लांब असल्यामुळे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि पान त्याला पेलते.

पक्षी दिसल्यावर जात ओळखावी. जगात कमळपक्ष्यांच्या आठ जाती आहेत आणि दक्षिण आशियात त्यांपैकी दोन आढळतात. कांस्यपंखी कमळपक्ष्याचे डोके व मान काळी, भुवई ठळक पांढरी आणि पंख हिरवट कांस्य रंगाचे असतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे पंख पांढरे, मानेचा मागचा भाग सोनेरी पिवळा आणि शेपटी लांब, खाली वाकलेली असते. मात्र ही शेपटी केवळ विणीच्या हंगामात असते, आणि नवखा निरीक्षक चुकतो तो येथेच. इतर काळात त्याचे पोट पांढरे आणि छातीवर गडद पट्टा असतो, तर कांस्यपंखी जातीची अपरिपक्व पाखरेही खालून पांढुरकीच दिसतात. अशा वेळी घाई न करता पक्षी उडेपर्यंत थांबावे: उडताना पांढरे पंख उघडले, तर तो लांब शेपटीचाच. जाड लाल चोचीची जांभळी पाणकोंबडीही याच वनस्पतींवर वावरते, पण ती अंगाने बरीच थोराड असते.

नर-मादी रंगावरून ओळखता येत नाहीत. मादी आकाराने मोठी असते, आणि बहुतेक जातींत ती एका हंगामात अनेक नरांसाठी अंडी घालते, सहसा प्रत्येक घरट्यात चार. अंडी उबवणे आणि पिल्लांची राखण करणे हे काम नराचे असते. म्हणून घरट्यावर बसलेला पक्षी दिसला, तर तो नर समजावा. आफ्रिकेतला छोटा कमळपक्षी मात्र जोडीने राहतो.

घरटे म्हणजे तरंगत्या वनस्पतींचा चपटा, ओलसर ढीग. छायाचित्रासाठी होडी त्याच्याजवळ नेणे मला सर्वथा गैर वाटते. पक्षी सतत ओरडू लागला किंवा पंख मोडल्यासारखा लोळू लागला, तर लगेच मागे सरावे.

पिल्ले एकाएकी नाहीशी झाली, तरी पाण्यात उतरून शोधू नये. ती चोचीचे टोक तेवढे वर ठेवून बुडून राहिलेली असू शकतात. धोका टळल्यावर काही जातींतला बाप खाली बसून पंख किंचित उचलतो, पिल्ले आत शिरतात आणि तो उठून चालू लागतो. नीट पाहिले, तर त्याच्या दोन्ही बगलांतून पिल्लांचे लांबलचक पाय लोंबताना दिसतात.