रूलेट खेळायचंय? आधी शून्यं मोजा

रूलेट म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकात गोळी कुठल्या खणात थांबेल यावर पैसे लावायचा कॅसिनोतला खेळ. त्याच्या टेबलाशी गेलात की लगेच चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) मांडू नका, आधी चाकावर हिरवे खण किती ते बघा. एकच 0 असेल तर चाक युरोपियन, एकूण 37 खण. 0 आणि 00 दोन्ही दिसले तर अमेरिकन, 38 खण. आता गंमत अशी की एका आकड्यावर लावलं आणि तो आला तर दोन्हीकडे 35 पटच मिळतात, खण वाढला तरी पैसे वाढत नाहीत, कॅसिनोची कमाई तिथेच आहे. एका शून्याला 100 रुपयांमागे सरासरी 2.70 रुपये त्यांचे, दोन शून्यांना 5.26. लास वेगासला तर तीन शून्यांची टेबलंपण आहेत, तिथे 7.69! माझं ऐकाल तर तिकडे फिरकूच नका.

बऱ्याच जणांना वाटतं 00 म्हणजे अमेरिकनांची आयडिया, पण 1796 च्या पॅरिसमध्येसुद्धा चाकावर दोन शून्यं होती. 1843 मध्ये फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या भावांनी जर्मनीत बाड होम्बुर्गला एक शून्य काढून टाकलं, कारण साधं, गिऱ्हाईक ओढायचं होतं. पुढे 1863 मध्ये फ्रान्स्वाने मोंटे कार्लोचा कॅसिनो घेतला आणि एका शून्याचं चाक युरोपभर रुळलं, अमेरिकेत मात्र जुनंच चालू राहिलं.

फ्रेंच टेबल मिळालं तर सोडू नका. चाक एका शून्याचंच, पण ला पार्टाज नियम असेल तर लाल-काळा, सम-विषम असल्या डावात 0 आला की निम्मे पैसे परत, म्हणजे कॅसिनोचा वाटा 1.35 वर येतो. नियम लागू आहे का ते डीलरला, म्हणजे टेबल चालवणाऱ्याला, आधीच विचारा, सगळीकडे नसतो.

अमेरिकन टेबलावरच बसावं लागलं तर 0, 00, 1, 2, 3 हा पाच आकड्यांचा डाव टाळा, त्यात 7.89 जातात.

आणि हो, "इतक्या वेळा काळा आला, आता लालच येणार" हे डोक्यातून काढा. मोंटे कार्लोला 18 ऑगस्ट 1913 ला काळा सलग 26 वेळा आला आणि लालवर लावत बसलेले लोक धुतले गेले, चाकाला मागचं काही आठवत नसतं हो.

गोव्यात मांडवीतल्या बोटींवर डीलरवालं टेबल मिळतं, जमिनीवर फाइव्ह स्टार हॉटेलांत कायद्याने फक्त मशीनवालं. दोन्हीकडे शून्यं मोजायचीच.

बसल्यावर तुम्हाला वेगळ्या रंगाच्या चिप्स मिळतील, त्या त्याच टेबलावर चालतात, उठताना डीलरकडून बदलून घ्या. "नो मोअर बेट्स" ऐकलं की हात मागे, आणि जिंकलेल्या आकड्यावरची खूण डीलर उचलेपर्यंत कशालाही हात लावू नका.