ऑर्लँडोत डिस्ने आणि युनिव्हर्सल: एकाच सहलीत, बजेट सांभाळून

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्ने वर्ल्ड आणि युनिव्हर्सल या दोन थीम पार्क संकुलांत आय-४ महामार्गावरून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. पण पैसे वाचवण्याचं गणित दोन्हीकडे अगदी उलटं आहे. डिस्नेचं तिकीट जितक्या जास्त दिवसांचं, तितका एका दिवसाचा दर उतरतो, आणि घरचा डबा आत नेता येतो. युनिव्हर्सलमध्ये डबा चालत नाही, तिथे कमी दिवस आणि योग्य हॉटेलात एकच रात्र हे जास्त परवडतं. हे लक्षात न घेता दोन्हीकडे सारखेच दिवस आणि सारखीच तयारी ठेवली, की बजेट कोलमडतं.

कधी जावं

ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर सगळ्यात स्वस्त, कारण तोवर अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा सुरू झालेल्या असतात. मात्र तेव्हा उकाडा, दुपारचा वादळी पाऊस आणि चक्रीवादळांचा मोसम असतो (१ जून ते ३० नोव्हेंबर), म्हणून रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरचा) आठवडा हवेच्या दृष्टीने जास्त सुखाचा. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एक आठवडा टाळावाच: नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं, शाळांना सुट्टी मिळते आणि अख्खं राज्य डिस्नेत उतरतं. काही वर्षी दिवाळीची रजाही त्याच सुमाराला येते. नाताळ ते नवं वर्ष हा काळ मर्यादित बजेटसाठी नाहीच.

आधी युनिव्हर्सल, मग डिस्ने

हा क्रम पैसे वाचवतो, कारण पहिले दोन दिवस भाड्याची गाडी लागत नाही. विमानतळावरून टॅक्सीने जा, आणि गाडी तिसऱ्या दिवशी घ्या.

युनिव्हर्सलची तीन महागडी हॉटेलं, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, खोलीतल्या प्रत्येकाला एक्स्प्रेस पास, म्हणजे लांब रांग टाळणारा पास, फुकट देतात. तो स्टुडिओज फ्लोरिडा आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन्ही पार्कांत चालतो. एकच रात्र राहिलात तरी पास चेक-इन आणि चेक-आउट अशा दोन्ही दिवशी मिळतो. हाच पास सुटा घेतला तर गर्दीच्या दिवसांत माणशी शंभर डॉलरच्या वर सहज जातो. चार-पाच जणांचं दोन दिवसांचं गणित मांडून पाहा, बहुतेक वेळा खोली स्वस्त पडते. पहाटेच तिथे पोहोचा. खोली तयार नसली तरी नोंदणी होते, सामान ठेवून घेतात आणि पास हातात पडतात. शिवाय हॉटेलातल्या पाहुण्यांना ठरावीक पार्कात तासभर आधी सोडतात. पार्कपर्यंत चालत किंवा हॉटेलच्या बोटीने जाता येतं, म्हणजे पार्किंगचे तीसहून अधिक डॉलरही वाचले. हे दोन दिवस आठवड्याच्या मधले ठेवा. शनिवार-रविवारी फ्लोरिडातली मंडळी येतात आणि खोलीचा दरही चढतो.

दोन्ही पार्कांत एकाच दिवशी फिरता येणारं महाग तिकीट फक्त हॉगवर्ट्स एक्स्प्रेससाठी घ्यावं, कारण ही गाडी एका पार्कातून दुसऱ्यात जाते. मुलांना हॅरी पॉटरचं वेड नसेल तर एका दिवशी एक पार्क पुरे.

२२ मे २०२५ ला उघडलेलं एपिक युनिव्हर्स काही किलोमीटर दूर, वेगळ्या जागी आहे. हॉटेलचा फुकट एक्स्प्रेस पास तिथे चालत नाही आणि त्याचा एक दिवस या सगळ्यावर जादा खर्च चढवतो. बजेट घट्ट असेल तर या खेपेला ते सोडलेलं बरं.

डिस्नेची तिकिटं

चार पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, ॲनिमल किंगडम), चार दिवसांचं तिकीट, एका दिवशी एक पार्क. एकाच दिवशी अनेक पार्कांत जाऊ देणारा पार्क हॉपर घेऊ नका. पार्क एकमेकांपासून दूर आहेत, आणि एकातून निघून दुसऱ्यात शिरेपर्यंत तास सहज मोडतो. चार दिवसांचं तिकीट सुरुवातीच्या तारखेपासून ७ दिवसांत वापरायचं असतं, म्हणून मधे एक दिवस पोहणं, कपडे धुणं आणि झोप यासाठी मोकळा ठेवा. आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर तो हवाच. नाहीतर तिसऱ्या दिवशी दुपारीच सगळे गळून जातात आणि तिकिटाचे निम्मे पैसे वाया जातात.

तीन वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे तिकीट लागत नाही. ३ ते ९ वयाला बालदर आहे, पण सवलत किरकोळ. दहाव्या वर्षापासून पूर्ण तिकीट. तिसरा किंवा दहावा वाढदिवस जवळ असेल तर सहल त्याआधी उरका. जाहीर दरावर साडेसहा टक्के कर चढतो.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरची अर्धी वापरलेली तिकिटं कधीच घेऊ नका. तिकीट दुसऱ्याच्या नावावर चालत नाही आणि प्रवेशावेळी बोटाचा ठसा घेतला जातो. ‘तिकिटं फुकट’ म्हणणाऱ्यांच्या मागे बहुधा टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरातल्या वाट्याची, तासन्‌तास चालणारी विक्री असते.

मुक्काम

डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांत, म्हणजे ऑल-स्टार आणि पॉप सेंच्युरीत, साध्या खोलीत चारच जण मावतात. पण पार्कापर्यंत बस फुकट, पार्किंग फुकट आणि रोज अर्धा तास आधी प्रवेश. पाच-सहा जण असाल तर डिस्नेजवळच्या किसिमी किंवा डेव्हनपोर्टकडचं स्वयंपाकघर असलेलं घर परवडतं. तुलना करताना घराच्या भाड्यात साफसफाईचा आकार, साडेतेरा टक्क्यांपर्यंतचा कर आणि डिस्नेच्या पार्किंगचे रोजचे पैसे मिळवा. चार दिवसांचे हेच पार्किंगचे पैसे लोक विसरतात. पार्किंगची पावती त्या दिवशी डिस्नेच्या दुसऱ्या पार्कातही चालते.

खाणं

बाहेर चौघांचं साधं जेवण साठ-सत्तर डॉलरला जातं. डिस्नेत घरचं नेता येतं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, पराठे, भडंग, फळं. काचेची बरणी चालत नाही, म्हणून लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. सुटा बर्फही चालत नाही, थंड ठेवण्यासाठी जेलच्या पिशव्या घ्या. दहीभात नेऊ नका, फ्लोरिडाच्या उन्हात तो दुपारपर्यंत टिकत नाही. स्टीलची बाटली आणि छत्री तपासणीत यंत्राला खटकतात. ती आधीच हातात काढून धरली तर रांगेतून बाजूला काढत नाहीत. पाणी विकत घेऊ नका, झटपट जेवणाच्या काउंटरवर थंड पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो.

युनिव्हर्सलमध्ये दोन लिटरपर्यंत पाणी, किरकोळ खाऊ, बाळाचं अन्न आणि पथ्याचं खाणं नेता येतं, पूर्ण डबा नाही. तिथे पोटभर नाश्ता करून शिरा.

भारतीय चवीची एक चैन करायची असेल तर डिस्नेच्या ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं ‘सना’ रेस्टॉरंट बघा. तिथे नान आणि चटण्यांचं ताट वाटून खाता येतं. जागा आधी राखून ठेवा.

सकाळ

वेळेवर पोहोचणं म्हणजे उशीर. उघडण्याआधी पाऊण तास दारात हवं. मॅजिक किंगडमला आणखी अर्धा तास आधी निघा, कारण गाडी लावली की तिथून मोनोरेल किंवा बोटीने जावं लागतं. पहिल्या दोन तासांत जितक्या राइड होतात तितक्या दुपारी चार तासांत होत नाहीत. लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे जादा पैसे भरून लहान रांगेतून जाण्याची डिस्नेची सोय, रोज घेऊ नका. मॅजिक किंगडम किंवा हॉलिवूड स्टुडिओजच्या एका दिवशी घेतला तरी बस. डिस्नेच्या हॉटेलांबाहेर राहणाऱ्यांना तो तीन दिवस आधी सकाळी ७ वाजता घेता येतो, गजर लावून ठेवा. ॲनिमल किंगडमला लवकर गेलात तर तो लागतच नाही.

मॅजिक किंगडममध्ये हॅलोविन आणि नाताळच्या स्वतंत्र तिकिटाच्या पार्ट्या असतात. त्या संध्याकाळी साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर काढतात आणि रात्रीची आतषबाजी हुकते. पण दिवसा गर्दी कमी असते, म्हणून लहान मुलांसाठी हा दिवस चांगलाच.

उंची

घरी बूट घालून मोजून जा, तिथेही बुटांसकटच मोजतात. राइडसाठी लागणारी किमान उंची अशी: डिस्नेत सेव्हन ड्वार्फ्स ९७ सेंमी, स्पेस माउंटन ११२, ट्रॉन १२२; युनिव्हर्सलमध्ये हॅग्रिडची मोटरसायकल १२२, व्हेलोसीकोस्टर १३०, हल्क १३७. मूल कमी पडत असेल तर दाराशी रायडर स्विच मागा. एक पालक राइड घेतो, दुसरा मुलासोबत थांबतो, मग तो लांब रांग न लावता जातो. युनिव्हर्सलमध्येही अशी सोय आहे, तिथे सगळे एकत्र रांगेतून जातात आणि आतल्या खोलीत आळीपाळीने राइड घेतात.

उन्हाळ्यात दुपारी वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद होतात. मोठे कोस्टर सकाळीच उरका, बंदिस्त राइड आणि खेळ दुपारसाठी राखा. रेनकोट घरूनच आणा, पार्कात त्याचे अव्वाच्या सव्वा पैसे पडतात. पाऊस आला म्हणून लगेच बाहेर पडू नका. तासाभरात थांबतो, आणि तोवर बरेच लोक निघून गेल्याने रांगा निम्म्यावर येतात.