टीपीपी टाकलं की कायटोसॅनच्या गुठळ्या होत होत्या, शेवटी जमलं

नागपूरला फूड टेकचा प्रोजेक्ट करतोय, हळदीतलं कर्क्युमिन कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारं पॉलिमर) नॅनोकणांत भरायचं होतं कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि शरीरात फार कमी शोषलं जातं. टीपीपी (सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, कायटोसॅनला बांधून त्याचे कण करणारं मीठ) टाकलं की दुधाळ होऊन पाच मिनिटांत बीकरच्या तळाशी पिवळे पुंजके बसायचे. सोनिकेट केलं (ध्वनिलहरींनी फोडलं), स्टरर जोरात फिरवला, काही फरक नाही. तीन आठवडे गेले, रडकुंडीला आलो होतो.

घोळ पीएचचा होता. टीपीपीचं द्रावण पीएच 9 च्या आसपास असतं आणि कायटोसॅन 6.5 च्या वर गेलं की चार्ज गमावून द्रावणातून बाहेर पडतं, म्हणजे थेंब पडतो तिथेच गुठळी.

आता असं करतो: 1 टक्का अॅसिटिक अॅसिडमध्ये कायटोसॅन, मिलीला 1 मिग्रॅ, रात्रभर ढवळायचं, सकाळी 0.45 मायक्रॉन फिल्टरमधून गाळायचं (हे अजिबात टाळू नका, न विरघळलेले तुकडेच गुठळीचं बीज होतात), मग सौम्य एनएओएचने (सोडियम हायड्रॉक्साइड) पीएच 4.8. कर्क्युमिन थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून थेंबथेंब त्यात, बीकरला फॉइल गुंडाळून, कारण उजेडात ते खराब होतं. टीपीपी पण मिलीला 1 मिग्रॅ, डिस्टिल्ड वॉटरमध्येच, आणि सौम्य एचसीएलने (हायड्रोक्लोरिक अॅसिड) पीएच 5 वर आणून मगच वापरायचं. 25 मिली कायटोसॅनला 5 मिली टीपीपी, सिरिंजने थेंबथेंब, 700 आरपीएम, नंतर अर्धा तास ढवळत ठेवायचं.

काचेमागे लेझर धरला तर उजेडाची रेघ स्पष्ट दिसते, म्हणजे बारीक कण तरंगताहेत, तळाशी दुसऱ्या दिवशीही काही बसलेलं नव्हतं.