महागड्या गाडीचे ब्रेक पॅड आणि डिस्क घेताना

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांचे ब्रेक पॅड मागवताना नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच साली निघालेल्या एकाच मॉडेलला इंजिनप्रमाणे वेगवेगळ्या व्यासाच्या डिस्क असू शकतात. १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर द्या आणि त्यावरूनच पार्ट नंबर काढायला लावा. ऑडीत डिकीतल्या स्टिकरवरचा पीआर कोडही (गाडीत कोणते भाग बसवले आहेत ते सांगणारा कोड) जुळवून घ्या.

डिस्क बदलायचीच का, हे डोळ्यांनी ठरवू नका. किमान जाडी बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजायला सांगा आणि ते मोजमाप समोर उभं राहून बघा. आकडा त्याखाली गेला असेल तर डिस्क बदला, आणि एकाच अ‍ॅक्सलच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीच्या) दोन्ही बाजूंना बदला.

कंपनीच्याच खोक्याचा हट्ट नको. टेक्स्टार, जुरिड, एटीई हे नामांकित उत्पादक युरोपातल्या गाडी कंपन्यांनाही माल पुरवतात. मात्र विश्वासू विक्रेत्याकडूनच घ्या, नकली पॅडशी खेळ नको. डॅशबोर्डवर पॅडचा इशारा आला असेल, तर झिजलेला सेन्सरही नवा टाका.

कार्बन-सिरॅमिक डिस्क असेल तर तिच्यासाठीचेच पॅड लागतात. इथे तडजोड अजिबात नको.